शांत गावाचे भाडेकरू

गेल्या चवथीला घरी माटोळी बांधताना मेव्हण्याने सहज विचारलं, "मग, बेळगावात फ्लॅट कधी घेतोस?" हातात सुपारीचा घोस होता, तोंडात सुंभ होतं, त्यामुळे तेव्हा उत्तर देण्यापासून सुटलो. पण प्रश्न काही सुटला नाही. तो गेले कित्येक महिने डोक्यात घोळतो आहे, म्हणून आज तो तुमच्यापुढे मांडतो.

हा प्रश्न मला एकट्यालाच पडलेला नाही, हे तुम्हीही जाणता. आमच्याच कचेरीत चहाच्या वेळी निम्मी चर्चा 'बेळगावात चौरस फुटाला काय भाव चाललाय' यावर होते. गोव्यात जमीन घ्यायची आपल्यासारख्यांची ऐपत राहिलेली नाही. हणजुणे-आसगावचा भाव आता दिल्ली-मुंबईची मंडळी ठरवतात. मग चोर्ला घाट चढून वर गेलं की थंड हवा, रुंद रस्ते, मोठाल्या झाडांचं कँप, मराठी बोलणारे दुकानदार आणि आपल्या खिशाला परवडणारी घरं... निवृत्तीनंतर आणखी काय पाहिजे?

माझं म्हणाल तर मी तीन वर्षांपासून अर्धा बेळगावकर झालोच आहे. मुलीला तिथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, म्हणून टिळकवाडीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. बायको आणि मुलगी तिथे, मी इथे. शुक्रवारी कचेरी सुटली की चोर्ल्याच्या बसमध्ये बसायचं आणि सोमवारी पहाटे परतीची बस पकडायची. एकदा तर लांब रजा घेऊन सलग अडीच महिने तिथे राहिलो. इतके दिवस गोव्याबाहेर राहण्याची ती आयुष्यातली पहिलीच वेळ.

ते दिवस फार सुखाचे गेले हे आधीच कबूल करतो. सकाळी अंगावर शाल घेऊन दुसऱ्या रेल्वे गेटपर्यंत चालत जायचं. गाडी येणार म्हणून गेट पडलं की चडफडणाऱ्या मोटरसायकलवाल्यांकडे निवांत बघत उभं राहायचं, कारण आपल्याला कुठेच वेळेवर पोचायचं नाही! संध्याकाळी किल्ल्यात. त्या किल्ल्यात रट्टांच्या काळातली, १२०४ सालची कमल बस्ती आहे. छताला दगडाचं कमळ कोरलेलं आहे. त्याखाली उभं राहिलं की बाहेर आठशे वर्षं निघून गेली हे खरं वाटत नाही. परतताना गणपत गल्लीतून भाजी, पाव किलो कुंदा. मासळी नाही, पहाटे पोदेराचा भोंगा नाही, ही हळहळ मात्र रोज.

तेव्हा मी पीटर मेल या इंग्रज लेखकाचं 'अ इयर इन प्रोव्हान्स' हे पुस्तक वाचत होतो. १९८९ साली आलेलं हे पुस्तक खूप गाजलं. इंग्लंड सोडून हा गृहस्थ बायकोसह फ्रान्सच्या दक्षिणेला, प्रोव्हान्समधल्या एका जुन्या डोंगरी गावात घर घेऊन राहिला आणि तिथल्या बारा महिन्यांची हकीगत त्याने लिहिली. थंडी, वारा, जेवणावळी, वेळेवर न येणारे गवंडी. वाचताना मोठी गंमत वाटते आणि आपणही सगळं सोडून असंच कुठेतरी जावं असं वाटू लागतं. भूमध्य समुद्राच्या आसपासच्या अशा गावांचं वेड उत्तरेकडच्या युरोपियनांना फार जुनं. ऊन, द्राक्षं, दगडी गल्ल्या, स्वस्ताई आणि शांतता. मला वाटलं, आपलं बेळगाव म्हणजे गोंयकारांचं प्रोव्हान्सच की! इंग्रज उन्हासाठी दक्षिणेला जातो, आपण थंडीसाठी घाटावर जातो, एवढाच फरक.

पण त्या पुस्तकाची पुढची गोष्ट पुस्तकात नाही. ते इतकं खपलं की वाचक त्याचं घर शोधत त्या गावात येऊ लागले. लेखकाला स्वतःच्याच अंगणात निवांतपणा मिळेना, आणि काही वर्षांसाठी तो अमेरिकेत निघून गेला. पुढे तो प्रोव्हान्समध्येच परतला, पण दुसऱ्या गावी. ज्या शांततेचं त्याने कौतुक केलं, ती त्या कौतुकानेच मोडली. अलीकडे तर त्या किनाऱ्यावरची गावं उघड कुरकुरू लागली आहेत. जुलै २०२४ मध्ये बार्सिलोनात स्थानिकांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. घर घेणाऱ्या परदेशी माणसाला राहण्याचा परवाना देण्याची योजना स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये बंद केली. तिथल्या लोकांचं म्हणणं साधं आहे. तुम्ही आमचं गाव सुंदर म्हणून येता, घरांचे भाव वाढवता, आणि आमच्याच पोरांना गावात राहायला जागा उरत नाही.

हे वाचताना आपली मान आपोआप डोलते. कारण हेच तर आपण गोव्यात बोलतो! आसगावात जुनं घर घेणाऱ्या दिल्लीकराबद्दल आपण जे बोलतो, तेच बार्सिलोनाचा माणूस बोलतो आहे. मग मला प्रश्न पडला, टिळकवाडीचा माणूस माझ्याबद्दल काय बोलत असेल?

उत्तर मला आमच्या घरमालकीण काकूंनी दिलं. तेही न बोलता.

काकूंचं वय अठ्ठ्याहत्तर. माहेर निपाणीचं, सासर बेळगावचं. एका खाजगी बालवाडीत त्यांनी तीस वर्षं मुलांना 'अ आ इ ई' शिकवलं. बोलणं अस्सल बेळगावी. पहिल्या दिवशी आम्ही सामान उतरवत होतो तर म्हणाल्या, "बसा की हो आधी, सामान कुठं पळून जात नाही. चहा घेतलासा काय?" माझी मुलगी त्यांना आजी म्हणते. पु. लं.च्या रावसाहेबांमुळे बेळगावची भाषा आपल्या ओळखीची झालेली आहे, पण ती रोज कानावर पडणं ही निराळीच मौज. 'पण'च्या जागी 'खरं' आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'की'!

रजेच्या दिवसांतली एक दुपार. काकू हातात एक कागद घेऊन आल्या. एका कार्यालयातून घराबाबत आलेली नोटीस होती, सगळी कन्नडमध्ये. काकू माझ्या मुलीला म्हणाल्या, "तुला वाचता येतं की आता. बघ जरा, काय म्हणतात ते." मुलगी कॉलेजात मैत्रिणींमुळे कन्नड बोलायला शिकली होती आणि हट्टाने लिपीही शिकली होती. तिने अडखळत वाचलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. नोंदीतल्या नावात दुरुस्ती हवी होती, त्यासाठी तीस दिवसांत कागद दाखवायचे होते. त्यांतले बारा दिवस उलटून गेले होते, कारण काकूंनी ती नोटीस वीजबिलाबरोबर डब्यात ठेवून दिली होती.

मी म्हटलं, "काकू, इतकी वर्षं इथे काढलीत, तुम्हाला कन्नड येत नाही?"

त्या म्हणाल्या, "बाजारातलं येतं की. भाजीवाली, दूधवाला, शेजारीण, सगळ्यांशी बोलते मी. खरं हे कागदावरचं येत नाही. मी तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना वाचायला शिकवलं बघा, आणि माझ्या घराचा कागद मला दुसऱ्याच्या पोरीकडून वाचून घ्यायला लागतो."

एवढंच. आवाजात राग नव्हता. कन्नडचा द्वेष तर त्यांच्या मनाला शिवलेलाही नाही. बेंद्र्यांच्या घरात मराठी बोलत आणि ते कन्नडचे एवढे मोठे कवी झाले, हे त्या कौतुकाने सांगतात. त्यांचा नातू बंगळुरात नोकरीला आहे, फाडफाड कन्नड बोलतो, त्याचाही त्यांना अभिमान आहे.

नंतर चहा घेताना त्यांनी आपली गोष्ट सांगितली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा त्या नऊ वर्षांच्या. मुंबई राज्यातलं बेळगाव आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेलं. दहा वर्षं ओरड झाल्यावर केंद्राने महाजन आयोग नेमला, आणि १९६७ च्या ऑगस्टात त्याचा अहवाल आला. निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत, बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच राहावं, असं त्यात म्हटलं होतं. काकूंचं लग्न नुकतंच झालेलं. "म्हणजे बघा, कागदावर माझं माहेर महाराष्ट्रात आणि सासर कर्नाटकात पडणार होतं," त्या हसत म्हणाल्या. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, कर्नाटकाने तोच अंतिम मानला, आणि प्रत्यक्षात काहीच हललं नाही. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१२ मध्ये बेळगावात सुवर्ण विधानसौध उभी राहिली. २०१४ च्या १ नोव्हेंबरला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं.

पुढे एकदा काकूंबरोबर निपाणीलाही जाऊन आलो. तंबाखूचं आणि विड्यांचं गाव. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला होता आणि गोळीबारात माणसं गेली होती, ते हेच निपाणी. तिथलं देवचंद कॉलेज सगळे निपाणीचंच म्हणतात, पण ते आहे अर्जुननगरला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात, महाराष्ट्रात. घर एका राज्यात आणि कॉलेज दुसऱ्या! मुलं रोज राज्य ओलांडून शिकायला जातात आणि जेवायला परत येतात. आपण आंतरराज्य वगैरे मोठे शब्द वापरतो, तिथे तो पायी चालण्याचा रस्ता आहे.

१९६७ हे साल ऐकताच मला माझे वडील आठवले. त्याच वर्षी, १६ जानेवारीला, गोव्यात जनमत कौल झाला. विलीनीकरणासाठी फूल, वेगळं राहण्यासाठी दोन पानं. बाबांनी फुलावर मत दिलं होतं. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. बाबा मराठीवर जीव टाकणारे. त्यांना पुढे कितीतरी वर्षं ते लागून राहिलं होतं. या पानावर येणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हीच कथा असेल, आणि काहींच्या घरी नेमकी उलट. पण बाबांचा पराभव झाला तो मतपेटीत. त्यांना कुणीतरी विचारलं होतं. काकूंना कुणी विचारलं नाही. एकाच वर्षी चोर्ला घाटाखालच्या लोकांना चिठ्ठी मिळाली आणि घाटावरच्यांना अहवाल मिळाला. हा फरक लहान नाही.

इथपर्यंत मी दुसऱ्याच्या दुःखाबद्दल लिहीत होतो, ते सोपं असतं. आता स्वतःकडे येतो.

काकूंचा तो कागद पाहिल्यापासून मला एक बाई आठवते. दोनेक वर्षांपूर्वी माझ्या टेबलापुढे आली होती. सौंदत्तीकडची, बांधकामावर काम करणारी, कडेवर मूल. एका दाखल्यासाठी आलेली. हातात कन्नडमधली कागदपत्रं. तिला ना कोंकणी येत होती, ना मराठी, हिंदी चार शब्दांपुरतं. मला कन्नडचं अक्षर ओळखता येत नव्हतं. रांग मोठी होती, मी वैतागलो होतो. म्हटलं, "भाशा कळटा तशा कोणाक तरी घेवन यो." ती गेली. दोन दिवसांनी पुन्हा आली, पुन्हा एकटीच. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मुकादमाला घेऊन आली, म्हणजे त्याचाही दिवस बुडाला आणि तिचे तर तीन. काम दहा मिनिटांचं होतं. ती गेल्यावर मी शेजारच्या टेबलाकडे बघून म्हटलं होतं, "हांगा येतात, पूण भास शिकपाक नाका!"

आणि मी? मी तीन वर्षं बेळगावात जाऊन-येऊन राहत होतो आणि मला कन्नडमध्ये 'पाणी' आणि 'किती' यापुढे काही येत नव्हतं. माझं कुठे अडलं नाही म्हणून मी शिकलो नाही. माझं अडलं नाही, कारण माझ्यापुढे काकू होत्या, त्यांच्यासारखी मराठी माणसं होती. त्या बाईपुढे मी होतो.

या विषयावर माझा एका मित्राशी वाद झाला. तो मराठीचा कट्टर अभिमानी. म्हणाला, "तू बेळगावात कन्नड शिकणं म्हणजे सीमाभागातल्या मराठी माणसाच्या पाठीत सुरा. ते सत्तर वर्षं झगडतायत आणि तू जाऊन पाटी गिरवणार?" त्याचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवं असा कायदा कर्नाटकाने २०२४ मध्ये केला. अशा ठिकाणी एकेक अक्षर राजकारणाचं होऊन बसतं, हे मान्य. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो बेळगावच्याच साहित्य संमेलनात. इंदिरा संतांनी आयुष्य काढलं ते याच शहरात. हे गाव मराठीला परकं नाही, आणि तसं कुणी म्हणू लागला तर मी मित्राच्या बाजूने उभा राहीन.

पण मित्र दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत भरतो आहे. सीमा ओलांडून जो आला तो वेगळा, आणि ज्याच्या अंगणातून सीमा गेली तो वेगळा. काकू कुठूनही आलेल्या नाहीत. निपाणीहून बेळगाव एवढाच त्यांचा प्रवास, आणि तो सासरी जाण्याचा. सरकार त्यांच्या दारात आलं. तेव्हा त्यांना कळेल अशा भाषेत कागद देणं हे सरकारचं काम आहे, काकूंवर उपकार नव्हे. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क दिला आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय व्हावी असं सांगणारं ३५०-अ कलम तर १९५६ सालीच, म्हणजे राज्यं पाडली गेली त्याच वर्षी घातलं गेलं. ते घालणाऱ्यांना ठाऊक होतं की रेघ कुठेही ओढली तरी कुणाचं तरी अंगण कापलं जाणार.

माझं तसं नाही. मी माझ्या पायांनी, माझ्या सोयीसाठी, घर स्वस्त आणि हवा थंड म्हणून तिथे गेलो. माझी जात काकूंची नाही, ती माझ्या टेबलापुढे आलेल्या बाईची आहे. तीही पोटासाठी आपल्या पायांनी गोव्यात आली. फरक असलाच तर तो माझ्या विरुद्ध जातो, कारण तिला यावं लागलं आणि मी हौसेने गेलो. तेव्हा काकूंच्या मराठीच्या हक्कामागे लपून मी माझा आळस झाकू शकत नाही. काकूंनी कन्नड शिकलं नाही तर तो त्यांचा प्रश्न, मी शिकलो नाही तर तो माझा उद्धटपणा.

म्हणून माझं मत असं झालं आहे. परक्या शांत गावात राहायला जाणाऱ्याने केवळ भाडं किंवा किंमत मोजून भागत नाही. त्या गावाची भाषा निदान कागद वाचण्याइतकी यायला हवी. आणि त्या गावाची दुखणी थोडी तरी आपली मानायला हवीत. नाहीतर आपण त्या गावाचे रहिवासी नव्हे, त्याच्या हवेचे गिऱ्हाईक.

दुखण्याचंच बघा. चोर्ल्याची बस कणकुंबीला आली की आमच्या बसमध्ये म्हादईची चर्चा सुरू होते. कळसाचा कालवा तिथेच खोदलेला. २०१८ मध्ये लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं, त्यावरून कानडी लोकांना शिव्या घालत बस पुढे जाते. म्हादई ही आपली आई, हे मी मानतोच. पण दोन तासांनी तीच मंडळी टिळकवाडीतल्या फ्लॅटचा नळ सोडतात आणि राकसकोपचं पाणी भरतात. उन्हाळ्यात तो नळ रोज येत नाही तेव्हा काकू किती पिंपं भरून ठेवतात, हे त्यांना माहीत नसतं, कारण त्यांच्या इमारतीत टँकर येतो. आपल्या रोजच्या ताटातली भाजीसुद्धा त्याच घाटातून खाली उतरते. घाट बंद पडला की म्हापशाच्या बाजारात भेंडी कशी महागते ते सांगायला नको. म्हादई सोडा असं मी म्हणत नाही. शेजाऱ्याशी भांडण आहे, तर त्याचं घर आतून कसं आहे हे जाणून भांडूया, इतकंच.

आणि तसं पाहिलं तर बेळगाव आपलं देणेकरी नाही, आपणच त्याचे आहोत. १९६१ पर्यंत गोव्यात कला-विज्ञानाचं पदवी कॉलेज नव्हतं. धेंपे आणि चौगुले दोन्ही १९६२ सालची. त्याआधी शिकू पाहणारा गोंयकार बेळगाव, धारवाड नाहीतर मुंबई गाठायचा. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी मुक्तीसाठी चालवलेलं गुप्त आकाशवाणी केंद्र काही काळ कॅसलरॉकच्या रानातून बोलत होतं. १९६१ च्या डिसेंबरात लष्कर जमलं ते बेळगावात. आणखी मागे जायचं तर आपण ज्या कदंबांचं नाव बसवर लिहून फिरतो, त्यांची दुसरी राजधानी खानापूर तालुक्यातली हलशी, आणि त्यांचे कितीतरी शिलालेख कन्नडमध्ये आहेत. गंमत अशी की कदंबाच्या बसमध्ये बसून मी तीन वर्षं त्या लिपीच्या गावी गेलो आणि बाहेरची एकही पाटी वाचली नाही!

आता फ्लॅटचं. बायकोला घ्यायचा आहे. तिचं म्हणणं रास्त आहे. गुडघे दुखतात, तिथे इस्पितळं जवळ, बाजार जवळ, काकूंसारखी शेजारीण. मी अजून 'हो' म्हटलेलं नाही. आमच्यासारख्या शंभर जणांनी घेतले की काकूंच्या भाचीच्या मुलाला तिथे दोन खोल्या घेता येतील का, हा प्रश्न मी तिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, "आम्ही घेतलो ना, तर दुसरो घेतलो." याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. ते आसगावच्या दिल्लीकराकडेही नसावं.

दोन गोष्टी मात्र केल्या. काकूंचा कागद मुदतीत पोचवला. मुलीने कन्नडमध्ये अर्ज लिहिला, काकूंनी खाली मराठीत सही केली. आणि माझ्या टेबलाच्या काचेखाली मी एक कागद ठेवला आहे. 'कोणता दाखला हवा', 'नाव काय', 'कधीपासून राहता', 'उद्या नको, आत्ताच थांबा' अशी आठदहा वाक्यं, मुलीने कन्नडमध्ये सांगितलेली, मी देवनागरीत उतरवलेली. पहिल्यांदा त्यातलं एक वाक्य वाचून दाखवलं तेव्हा समोरचा गडी इतका हसला की रांगेतले सगळे बघू लागले. माझा उच्चार भयंकर असणार. पण त्याचं काम एका फेरीत झालं.

ती सौंदत्तीची बाई पुन्हा काही आली नाही.

मुळाक्षरं रोज बसमध्ये गिरवतो. कन्नड अक्षर गोल असतं, बस वळणावर वळणं घेते, त्यामुळे अक्षर आणखीच गोल होतं. परवा जांबोटीची पाटी बस पुढे जाण्याआधी वाचून झाली. तिच्या खाली खानापूरकडे बाण दाखवणारी आहे, ती अजून निम्मीच होते.